कोकणातल्या पायवाटा बंद होऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या, खाडीपुलांच्या बातम्या हल्ली सारख्या येतात. येऊ देत, रस्ता आम्हाला पण हवाच आहे, पेशंट घेऊन रत्नागिरी गाठायची वेळ आली की काय हाल होतात ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. पण या सगळ्यात जुन्या पायवाटांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून लिहितेय. पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा), पाणंदी, समुद्रावर उतरणाऱ्या घाट्या, सड्यावरून म्हणजे वरच्या कातळ-पठारावरून पलीकडच्या गावात जाणाऱ्या वाटा, एकेक करून आमच्या डोळ्यांदेखत बंद होतायत.

राजापूर तालुक्यात कशेळीच्या बाजूला आमचा छोटासा होमस्टे आहे. बरेच पाहुणे गाडीने येतात, देवघळीच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि सकाळी चहा पिऊन पुढच्या पॉइंटला पळतात. जे चालायला निघतात त्यांचं वेगळं असतं, ते हमखास एक रात्र वाढवतात, वाटेत कोणाकडे कोकम सरबत पितात, कोणाकडून आमसुलं कुळीथ घेतात, म्हणजे पैसा एका आमच्याच घरात न राहता चार घरांत फिरतो. आणि चालायला इथे काय कमी आहे सांगा. सकाळी घावन-चटणी खाऊन खळ्यातून निघालं की जांभ्याच्या पाखाडीने खाली आगरात, पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडून पलीकडची घाटी चढली की एकदम सडा, सगळं मोकळं आणि लांबवर निळा समुद्र. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसत्या रेघा दिसतात, मग सोंड सापडते आणि मग माणूस तिथून हलत नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात कशेळी पण आहे, बारसू पण आहे. तिथून कनकादित्याच्या देवळात यायचं, सूर्याची अशी देवळं आपल्याकडे मोजकीच, शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट आहे या देवस्थानाचा. लांब चालणारे उत्तरेला गावखडीच्या सुरूबनापर्यंत जातात, त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि मुचकुंदी नदीचा पूल ओलांडला की पूर्णगड.

वाळूतून किंवा कड्याखालून चालायचं तर भरतीची वेळ बघूनच. आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून सांगतात, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. पाहुण्यांना मी हे पाठ करून घ्यायला लावते, कारण चढत्या पाण्यात खडकांना वळसा घालायला गेलं की परतीची वाट बंद होते. दुसरं म्हणजे फुरसं, हा विषारी साप. सड्यावर दगडाखाली असतं, पटकन दिसत नाही, म्हणून पायात बूट हवेतच आणि दिसेल तो दगड उचलून बघायचा नाही. बाकी पाऊस सरता सरता सड्यावर गेंद, सीतेची आसवं फुलतात ते बघायला मुद्दाम या, मे महिन्यात मात्र दहानंतर कातळावर उभं राहवत नाही.

आता मुद्दा. आमच्या जवळच्या एका वाडीतून समुद्रावर उतरणारी घाटी होती, तिच्या तोंडाशी बाहेरच्या कोणीतरी जमीन घेतली आणि चिऱ्याचं कंपाऊंड घालून गेट लावलं. कालवं काढायला जाणाऱ्या बायका, पागायला (जाळं टाकून मासे धरायला) जाणारी माणसं, सगळ्यांना आता केवढा वळसा. पूर्वी गडगा (दगडी कुंपण) असला तरी त्यात बेडं असायचं, बांबू सरकवला की माणूस पलीकडे, गुरं तेवढी अडायची. आता सरळ तार नाहीतर गेट. आणि उरलेल्या पाखाड्यांवर सिमेंट ओतायची घाई चाललीय, त्या गुळगुळीत सिमेंटवर पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाचा पाय ठरत नाही, चांगले जांभ्याचे चिरे असताना हे कशाला?

लोकांना वाटतं वाट गेली ती गेली. तसं नाहीये. गाव नकाशा काढून बघा, पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. शेताकडे, कुरणाकडे, मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लोकांना माहीतच नसते आणि आज बोलू उद्या बोलू करत निघून जाते.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या वाटांची यादी ग्रामसभेत वाचून नोंदवावी, महामार्गाची आखणी करणाऱ्यांनी जिथे घाटी किंवा पाणंद कापली जाते तिथे माणसाला पलीकडे जायची सोय ठेवावी, आणि पर्यटन खात्याने निवास व न्याहारीवाल्यांना गावातल्या चालायच्या वाटांचा साधा नकाशा द्यावा. वाट साफ ठेवायचं काम आम्ही करू, नाहीतरी शिमग्यात पालखी घरोघर न्यायची म्हणून वाडीची पोरं कोयते घेऊन रान मारतातच, तेव्हा समुद्राच्या घाट्या पण साफ करून घेता येतील. तुमच्या पेपरने सुद्धा पंचांगाशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापल्या तर फार उपयोग होईल, आमच्या पाहुण्यांना पण आणि कालवांना जाणाऱ्या बायकांना पण.

– एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी