गच्चीवर शिसे वितळवणाऱ्या मुलांसाठी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या हौशी तोफा पुण्यातली कॉलेजची मुले घरी बनवू लागली आहेत. प्लॅस्टिकच्या पाइपातून बटाटा नाहीतर टेनिसचा चेंडू उडवायचा, असा तो खेळ असतो. आता त्यांतली काही मुले त्या तोफेत घालायला धातूचे गोळे स्वतः ओतू लागली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलांना धमकावण्यासाठी नव्हे. त्यांच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि विशेषतः माझ्या धंद्यातल्या लोकांनी वाचावे, एवढ्यासाठी.

मी भोसरीला ॲल्युमिनियम आणि गनमेटलची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली. पंपाचे इंपेलर, मोटारीची कव्हरे, क्वचित एखाद्या देवळाची घंटा, असे जॉबवर्क आमच्याकडे येते. दसऱ्याच्या सुमारास इंजिनिअरिंगची तीन मुले एक पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उमटवायचा नमुना, घेऊन आली. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, पन्नास मिलीमीटर व्यासाचा आणि साठ मिलीमीटर लांब, पुढचे तोंड जरा गोलसर. प्रिंटरच्या थरांच्या रेघा त्यांनी लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपरने घासून काढल्या होत्या. बोट फिरवले तर कुठे अडकत नव्हते. बाजूंना अगदी बेताचा ड्राफ्टही दिलेला होता. पॅटर्न वर उचलताना वाळूची कड ढासळू नये म्हणून तो निमुळतेपणा ठेवावा लागतो, आणि नव्या पॅटर्नमेकरला तो हमखास सांगावा लागतो. या मुलांनी तो वाचून, समजून दिला होता. मला मनापासून आनंद झाला.

"काकू, असे दहा पीस पाहिजेत. शिशाचे जमले तर बेस्ट, नाहीतर ॲल्युमिनियम चालेल."

कशासाठी, म्हणून विचारले तेव्हा मोबाइलवर तोफ दाखवली. तळजाईच्या टेकडीवर बटाटे उडवून झाले होते, आता "सरळ जाणारं काहीतरी" हवे होते.

आमच्या धंद्यात भाव किलोवर ठरतो, त्यामुळे पॅटर्न हातात आला की वजनाचा हिशोब आपोआप होतो. त्या मापाचा बटाटा ठोकळमानाने सव्वाशे ग्रॅम भरेल. तेवढ्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा तुकडा तीनशे ग्रॅमच्या वर आणि शिशाचा जवळपास सव्वा किलो. मुलांसमोरच कागदावर पुढचे गणित मांडले. ॲल्युमिनियमचा तो तुकडा सेकंदाला पन्नास मीटर वेगाने नळीबाहेर पडला, तर त्याच्यात सुमारे ४०० ज्यूल ऊर्जा असते. सीझन बॉल १६० ग्रॅमचा. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला तरी त्याची ऊर्जा १२० ज्यूलच्या आसपास असते, आणि तो खेळायला फलंदाज हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज घालून उभा राहतो. तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांच्या डोक्यावर काय असते? फार तर कानटोपी. वर तिरका मारलेला असा तुकडा सहज दोनशे मीटर जातो. इतक्या लांबच्या झाडीमागे कोण बसले आहे, हे मारणाऱ्याला दिसत नाही.

मी काम घेतले नाही. ते निमूट ऐकून घेतील असे वाटले होते, पण त्यांतला एक म्हणाला, "मग आम्ही घरीच ओतू. शिसं काय, गॅसवरपण वितळतं." आणि शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. एकदा प्रयत्न झालेला होता.

काय झाले ते नीट सांगते, कारण हे प्रत्येक घरात घडू शकते. टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजने आणली. जुन्या स्टीलच्या पातेल्यात, गच्चीवर, छोट्या शेगडीवर वितळवली. साचा होता प्लास्टर ऑफ पॅरिसचा. दोन दिवस उन्हात ठेवलेला, हाताला खडखडीत कोरडा. शिसे ओतताक्षणी साच्यातून फसफसून उलट वर आले आणि थेंब उडाले. त्याला चष्मा होता. काचेवर शिशाचा टिपका चिकटून बसला होता, तो त्याने मला दाखवला. चष्मा नसता तर तो डोळ्यात गेला असता.

पुण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कुणाला नवे नाही. गणपतीच्या कारखान्यांमुळे पेणपासून इथपर्यंत सगळ्यांच्या हाताला ते लागलेले आहे. पण घट्ट झालेल्या प्लास्टरचे जिप्सम बनते आणि जिप्समच्या वजनातला सुमारे पाचवा भाग पाणीच असते, हे किती जणांना ठाऊक आहे? ते पाणी ओलाव्यासारखे हाताला लागत नाही. खनिजाच्या आत बांधलेले असते, आणि उन्हाने जात नाही. शिसे वितळते ३२७ अंशाला. एवढा ताप लागला की ते पाणी सुटते, त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सतराशे पट जागा मागते. ती जागा मिळवताना वाटेतला रस, म्हणजे वितळलेला धातू, घेऊनच बाहेर येते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशाचे. ते गच्चीच्या कोब्यावर सांडले तर कोबासुद्धा तडकून उडतो, कारण सिमेंटमध्येही पाणी असते. म्हणून ओतकामाच्या जागी जमिनीवर कोरडी वाळू पसरलेली असते.

आमच्याकडे वाळू ओलीच वापरतात, मग तिथे का उडत नाही, असा प्रश्न त्या मुलाने लगेच विचारला. चांगला प्रश्न आहे. आमच्या मोल्डरने, म्हणजे साचे करणाऱ्या कारागिराने, त्याच्या हातात मूठभर वाळू दिली आणि दाबायला सांगितले. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले, आणि तो गोळा मधे मोडला तर स्वच्छ तुटला. ओल इतकीच हवी, शेकडा तीन-चार. शिवाय कणांच्या मधल्या पोकळीतून आणि तारेने पाडलेल्या भोकांतून वाफेला वाट असते. एक कप पाणी जास्त पडले तर त्या दिवशीचा माल ब्लोहोलने, म्हणजे वाफेच्या पोकळ छिद्रांनी, भरतो, आणि कुणाच्या पायावर रसही येऊ शकतो. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून येतो.

दुसरी फसवी गोष्ट रंगाची. वितळलेले लोखंड दुरूनच भीती घालते. शिसे आणि ॲल्युमिनियम ओतायच्या तापमानाला दिवसाउजेडी चांदीसारखे चकचकीत दिसतात, लाल दिसत नाहीत. नवखा माणूस ते निवले आहे असे समजून हात पुढे करतो.

शिशाचे विष ही आणखी वेगळी गोष्ट. पातेल्यावरची काळपट मळी खरवडताना जी भुकटी उडते ती नाकातोंडात जाते, कपड्यांवर बसून घरात येते. शिसे हाडांत साठून राहते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवते. त्याचे सुरक्षित म्हणावे असे कुठलेच प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. त्याच गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या जातात. ज्या आईच्या स्वयंपाकघरातून असे पातेले नाहीसे झाले असेल, तिने ते परत आले तरी घेऊ नये.

आता तोफेबद्दल. ही मुले वापरतात तो पाइप पाण्याचा आहे. त्याच्यावर छापलेला आयएस ४९८५ हा क्रमांक पिण्याच्या पाण्याच्या पाइपचा, आणि त्यावरचा दाबाचा आकडा २७ अंश तापमानाला धरलेला. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर तापलेल्या पाइपाला तो लागू नाही. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पाण्याच्या पाइपाला चीर गेली की दाब लगेच उतरतो. हवा दाबली जाते आणि ती सगळी ताकद आत साठवून बसते. पाइप फुटला की त्याच्या ठिकऱ्या उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने दाबाच्या हवेसाठी असा पाइप वापरू नये, अशी सूचना १९८८ मध्येच काढली होती. त्यात जड धातूचा गोळा घातला की तो हळू हलतो आणि तेवढा वेळ पाइप जास्त दाब सोसतो. तिरका अडकला तर विचारायलाच नको.

प्रयोगशाळांतही हवेच्या तोफा असतात. विमानाच्या काचेवर पक्षी आपटला तर ती टिकेल का, हे अशाच तोफेतून मेलेली कोंबडी उडवून तपासतात. पण तिथे टाकी पोलादी असते, आणि चालवणारा भिंतीआड उभा असतो. हे सांगितल्यावर मुलांचे डोळे चमकले. त्यांना हवे होते ते हेच होते, गोळा हे निमित्त.

कायद्याचेही सांगते, कारण मुलांना याची कल्पनाच नव्हती. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागतो. वरचे ४०० ज्यूल आठवा. नोकरीच्या वयात मुलाच्या नावावर असला गुन्हा लागला तर आईबापांनी कुणाच्या दारात जायचे?

२०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास कार्बाइड गनने कित्येक मुलांचे डोळे जायबंदी केले. त्यात तर गोळाही नव्हता, नुसता पाइप आणि वायू. तेव्हा सगळीकडे बंदीची मागणी झाली आणि ती रास्त होती. पण नुसत्या बंदीने या तीन मुलांचे काय होईल? ज्या मुलाला ड्राफ्ट कळला, तो उद्या दुसऱ्या गच्चीवर जाईल.

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ पासून चालू असलेला कारखाना. खिशात काडेपेटी घेऊन गेटच्या आत पाऊल टाकता येत नसे, आणि या शिस्तीबद्दल त्यांनी कधी कुरकूर केलेली मला आठवत नाही. धोक्याचे काम करणारा माणूस शिस्त मोठ्या अभिमानाने पाळतो, हे मी घरात पाहिले आहे. मुलांनाही ती शिस्त आवडते, फक्त ती दाखवणारे कुणीतरी लागते. आज ते कोण दाखवते? बहुतेक मुलांनी फाउंड्री शॉप म्हणजे जर्नलमध्ये काढायची आकृती एवढेच पाहिले आहे. आयटीआयमध्ये फाउंड्रीमनचा ट्रेड आहे, पण त्याला जा म्हणून कुठला पालक सांगतो? आणि आमच्याकडे मोल्डर मिळत नाहीत म्हणून आम्ही रडत असतो. कसब्यातल्या तांबट आळीत आजही हातोड्याखाली तांब्याचे भांडे आकार घेताना पाहता येते. ते ओतकाम नव्हे, घडकाम, पण धातूशी माणसाने कसे वागावे हे तिथे तासाभरात कळते.

म्हणून माझ्या धंद्यातल्या बांधवांना हात जोडून विनंती. कुणी मुलगा नळीत बसेल असा पॅटर्न घेऊन आला तर "कशाला हवंय?" हे विचारल्याशिवाय काम घेऊ नका. चार पैशांसाठी दहा पीस ओतून देऊ नका, आणि हाकलूनही देऊ नका. चहा पाजा, शॉप दाखवा. टायरवाल्यांनी आणि जुन्या बाजारातल्या भंगारवाल्यांनी मुलांना शिशाची वजने आणि बॅटरीच्या प्लेट विकणे बंद करावे. प्राध्यापकांनी कॉलेजच्या फाउंड्री शॉपचे कुलूप सत्रातून एकदा तरी खऱ्या ओतकामासाठी काढावे. इंडियन फाउंड्रीमेनच्या संस्थेची पुण्यात शाखा आहे. तिने मनावर घेतले तर सुट्टीतले शिबिर अवघड नाही.

त्या तिघांनी आमच्याकडे शेवटी एक कंस (ब्रॅकेट) ओतला, त्यांच्या रोबोटच्या चाकासाठी. पॅटर्न त्यांचा, वाळू त्यांनीच कुटली. रस मात्र आमच्या माणसाने ओतला. पहिल्या तुकड्यात कोपऱ्याला आकसल्याचा खड्डा पडला, मग रायझर, म्हणजे धातू आकसताना जादा रस पुरवणारा साच्यातला खळगा, कुठे हवा होता यावर त्यांचे आपसांत चांगलेच भांडण जुंपले. दुसरा तुकडा ते घेऊन गेले. तोफेचा पॅटर्न माझ्या टेबलावर राहिला. मी मागितला नव्हता.

ज्या पालकांच्या मुलांना हे वेड आहे, त्यांनी मुलाला घेऊन आमच्याकडे यावे. शनिवारी दुपारी आमच्याकडे ओतकाम असते. पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवत आहे. येताना चामड्याचे बूट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. चपला आणि नायलॉनचा टी-शर्ट घातलेल्याला आम्ही भट्टीजवळ उभे करत नाही.

(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)

आपली नम्र,
एक फाउंड्रीचालक, भोसरी