पाणी येण्याचा दिवस आणि आमचा मन्या: डॉक्टर मॅडमना पत्र

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं दवाखान्यातच बोलायचं होतं. पण तिथं आमचा बोका मन्या असा काही गळा काढतो की आपलं बोलणं राहूनच जातं. शिवाय तुम्ही जे केलंत ते सोलापुरातल्या आणखी चार मांजरवाल्या घरांना कळावं असं वाटतं, म्हणून उघडच लिहिते आहे.

तुम्हाला माहीत आहे, मन्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरचा. खाली यंत्रमाग, वर आम्ही. माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि हा पठ्ठ्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर पाय ताणून झोपलेला असायचा. पुढे माग मोडीत गेले आणि आम्ही जुळे सोलापुरात तळमजल्याचा फ्लॅट घेतला. शांत भाग, गॅलरी, सकाळचं ऊन. मांजराला आणखी काय हवं? पण नेमकं इथं आल्यावरच त्याचं बिनसलं. आधी माळ्यावरून उतरेना. मग पोट चाटून चाटून केस घालवले. मग आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चादरीवर लघवी, तीही कुंथून कुंथून, आणि एकदा तर त्यात रक्ताचे थेंब.

जो तो आपापलं निदान सांगायचा. कुणी म्हणे खोड आहे, कुणी म्हणे सूड उगवतोय. एका ठिकाणी गोळ्यांचा कोर्स झाला, उतार पडला नाही. आप्पा तर म्हणाले, "मांजराला कसलं टेन्शन बे? दोन वेळ खातंय, दिवसभर लोळतंय!"

तुम्ही त्याला टेबलावर घेतलंत आणि पहिल्यांदा पोटावरून मूत्राशय चाचपून बघितलंत. थेंब थेंब का होईना, लघवी होतेय ना, हे आधी. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, त्यामुळे बोका वाळूत बसून नुसता कुंथतोय आणि काहीच येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, हे तुम्ही आम्हा तिघांकडून वदवून घेतलंत. तपासणीत खडा निघाला नाही, जंतूही नाहीत. तरुण मांजरात जंतुसंसर्गानं लघवीचं दुखणं होणं तसं कमीच, म्हणून गोळ्या लागू पडल्या नाहीत, असं तुम्ही सांगितलंत. मूत्राशयाला सूज होती, आणि तिच्यामागं ताण होता. ओहायो राज्य विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांच्या कामाबद्दलही तुम्ही बोललात. अशा मांजरांच्या घरातली मांडणी आणि रोजचा क्रम सुधारला की दुखणं कमी होतं, असं त्यांना दिसलं होतं. आप्पा तेव्हा गालात हसत होते.

आणि मग तुम्ही स्वतः घरी आलात. आजकाल माणसांचे डॉक्टर येत नाहीत हो घरी!

आल्या आल्या फरशीवर बसलात. मन्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. आमच्या वीजबिलाच्या पाठीवर घराचा नकाशा काढलात आणि त्यावर खुणा केल्यात: खाणं कुठं, पाणी कुठं, वाळूचा ट्रे कुठं, झोपतो कुठं, कुठल्या खिडकीतून बाहेर बघतो. सगळ्या खुणा गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात पडल्या, वॉशिंग मशीनला चिकटून. तिथवर जायला वाट एकच, आणि समोर कंपाउंडच्या भिंतीवर गल्लीतला तो कानफाट्या बोका ठाण मांडून बसलेला.

पण मला खरी कमाल वाटली ती पुढच्या प्रश्नाची. "चादर ओली झाली ते वार आठवतात का?" वार कुठले आठवायला! पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पाणी आलं त्या तारखेला गोल करते, सोलापुरात कोण करत नाही, आणि चादरी धुतलेल्याही त्याच कॅलेंडरवर लिहिलेल्या होत्या, कारण धुणंसुद्धा पाण्याच्या हिशेबानंच निघतं. तुम्ही बोट फिरवत गेलात. प्रत्येक ओली चादर पाण्याच्या दिवसाची किंवा त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी गॅलरीत मोटार घरघरते, बॅरल फरशीवरून ओढली जातात, पाइप अंगावर उडतो, सगळे एकमेकांवर ओरडतात, आणि मन्याचा ट्रे कुणीतरी पायानं सरकवून बॅरलमागे ढकलतं. त्याला जायला जागाच नसायची. धरून धरून धरणार किती?

मी विचारलं, मागाच्या एवढ्या खटखटीत जो झोपला त्याला मोटारीचं काय? तुमचं उत्तर अजून डोक्यात आहे. मांजराला माणसापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. उंच सुराची आपली धाव 20 किलोहर्ट्झपर्यंत, त्याची 60 च्याही वर. तरी मागाचा आवाज त्याला ठरलेला होता, रोजच्या वेळेचा, आणि नको वाटला तर लपायला बारा जागा होत्या. इथं आवाज कधी येईल याचा नेम नाही आणि लपायला कोपरा नाही. बदल आपल्या हातात नसणं, हेच त्याच्या जिवाला लागतं. हे तुम्ही सांगत असताना आप्पा कधी नव्हे ते गप्प ऐकत होते. माग गेल्यापासून त्यांचंही जेवण कमी झालंय, ते तुमच्याही लक्षात आलं असणार.

तुम्ही सुचवलेले उपाय फार खर्चाचे नव्हते. दोन ट्रे, मांजर एक असलं तरी दोन, वेगवेगळ्या ठिकाणी, झाकण नसलेले, आणि मन्याच्या लांबीच्या दीडपट लांब. आम्ही मोठे प्लास्टिकचे टब घेतले, एक बाजू कापून खाली केली. बारीक, बिनवासाची वाळू. खाणं-पाणी ट्रेपासून लांब, आणि पाण्याचं भांडं खाण्यापासूनही लांब. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी कागद चिकटवल्यावर भिंतीवरचा दादा दिसेनासा झाला. टॉवेल भरायचा एक खोका कपाटावर चढवला, आत जुन्या घरातला न धुतलेला टॉवेल. खोका म्हणजे पोरखेळ असं माझ्या नवऱ्याला वाटलं होतं, तर तुम्ही नेदरलँड्समधल्या 2014 च्या अभ्यासाचं सांगितलंत: निवाऱ्यात नव्यानं आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोका मिळाला ती लवकर सावरली. मन्यानं तो खोका त्याच संध्याकाळी ताब्यात घेतला.

फिनेल मात्र तुम्ही घरातूनच हद्दपार केलंत. आप्पा प्रत्येक डागावर ते ओतत. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही, आणि उग्र वासानं त्यानं गाल घासून घासून सोडलेला स्वतःचा वास पुसला जातो, मग घर परकं वाटतं. आता लघवीचा डाग काढायला एन्झाइमचं क्लीनर वापरतो. स्वच्छ सुती फडकं त्याच्या गालांवर फिरवून सोफ्याच्या पायांना लावायची तुमची युक्ती बघून शेजारच्या अक्का दारातच थबकल्या होत्या. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे! त्याच वासाची नक्कल करणारं प्लगमध्ये लावायचं यंत्र बाजारात मिळतं हेही तुम्ही लपवलं नाहीत, पण "कुणाला लागू पडतं, कुणाला नाही, आधी खोका करा" म्हणालात. विकायला काहीच न आणलेला सल्ला फार दिवसांनी ऐकला.

डोळे मिटायचा प्रकार आप्पांनी मनावर घेतलाय. सावकाश पापण्या मिटायच्या, सावकाश उघडायच्या, टक लावायची नाही. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये यावर लिहिलंय की असं केल्यावर मांजरंही तसंच करतात आणि जवळ यायला धजतात. आप्पा आता दुपारी खुर्चीत बसून मन्याला पापण्या मिटून दाखवतात. मन्या कधी उत्तर देतो, कधी देत नाही. दिलं की आप्पा स्वयंपाकघरात येऊन सांगून जातात.

पोटावर केस परत आलेत. गॅलरीत मोटार चालू झाली की तो आतल्या खोलीतल्या टबाकडे जातो, आपण होऊन. मधे एकदा पुन्हा चादर ओली झाली, लग्नाच्या वरातीत फटाके फुटले त्या रात्री. तुम्ही सांगून ठेवलंच होतं की हे दुखणं अधूनमधून डोकं वर काढतं, त्यामुळे घाबरलो नाही. लघवी होतेय ना, तेवढं पाहिलं, खोली बंद केली, पंखा लावला आणि त्याला खोक्यातून ओढून काढलं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दारूकामाच्या वेळीही हेच करणार आहोत.

तुम्ही फी घेतलीत ती फक्त तपासणीची, घरी येण्याची नाही. आप्पांनी मागावर चढवलेल्या शेवटच्या बीमातले, म्हणजे सुताच्या रुळातले, दोन टॉवेल तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. नको म्हणू नका, त्यांनी ते कुणालाच दिलेले नाहीत. लसीला मन्याला आणू तेव्हा घेऊन येऊ. त्याचा पिंजरा तुम्ही म्हणालात तसा हॉलमध्येच उघडा ठेवलाय, आत टॉवेल टाकून, आणि सध्या तो त्यात जेवतो. दार लावलेलं अजून चालत नाही. त्याला आणखी किती दिवस द्यायचे, ते तेवढं फोनवर सांगाल का?

आपली नम्र,
मन्याच्या घरची सूनबाई
जुळे सोलापूर