समालोचनाला निघालेल्या मुलास

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या कॉलेजच्या रेडिओवर तुझे बेसबॉलचे समालोचन ऐकले. मी ऐकायला बसलो तेव्हा सहावा डाव चालू होता. तुझा आवाज स्वच्छ आहे आणि चेंडू कुठे गेला हे तू नीट दाखवतोस. पण कोण किती धावांनी पुढे आहे हे कळायला मला बराच वेळ वाट पाहावी लागली.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. वाळू खाली उतरली की ते धावसंख्या सांगत आणि घड्याळ उलटून ठेवत, कारण कोणी ना कोणी तेवढ्यातच रेडिओ लावलेला असतो. १९४९ मध्ये त्यांनी विन स्कली या नवख्या तरुणाला बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी पाठवले. तिथे त्याला कडाक्याच्या थंडीत, अंगात कोट नसताना, छपरावर उभे राहून बोलावे लागले, तरी त्याने श्रोत्यांना आपल्या गैरसोयीचा एक शब्दही ऐकवला नाही. पुढच्याच वर्षी स्कली डॉजर्सकडे आले, संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेले आणि २०१६ पर्यंत तब्बल ६७ हंगाम बोलत राहिले.

९ सप्टेंबर १९६५ च्या रात्रीचे त्यांचे ध्वनिमुद्रण तू शांतपणे ऐक. डॉजर्सचा चेंडूफेक्या (पिचर) सँडी कोफॅक्स समोरच्या संघाच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू देत नव्हता. शेवटच्या डावात स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगतात, कारण ही फीत कोफॅक्सकडे आठवण म्हणून राहावी अशी त्यांची इच्छा होती. सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा फलंदाज बाद होताच ते अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ गप्प राहतात आणि फक्त प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येतो. लहानपणी घरच्या रेडिओखाली शिरून त्यांनी हाच गर्दीचा आवाज मन भरून ऐकला होता. तू मात्र शनिवारच्या होम रननंतर एक क्षणही थांबला नाहीस.

या पेशात बहुतेकांची सुरुवात लहान गावांतल्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या व्यावसायिक सामन्यांत, बसच्या रात्रभराच्या प्रवासात आणि तुटपुंज्या पगारात होते. मला त्याची काळजी वाटत नाही असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. तरीही तू हेच करावेस असे मला मनापासून वाटते.

सोबत तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ पाठवत आहे. पुढच्या सामन्याला तुझी आई पोळ्या लाटता लाटता ऐकणार आहे. धावसंख्या विचारायला तिला माझ्याकडे यावे लागू नये.

तुझा,
बाबा