मिस्त्रीभाऊ, तुम्ही आधी मोजलंत

मिस्त्रीभाऊ,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गाडी घेऊन निघताना त्या दिवशी "बरं झालं भाऊ" एवढंच बोलणं झालं. भाडं खोळंबलं होतं, हे घाई करत होते आणि आभार मानायचे राहून गेले. ते आता चार लोकांच्या देखत मानते आहे, कारण तुम्ही आमच्या व्हॅनसाठी जे केलं ते दर्यापूर, अंजनगाव, भातकुलीकडच्या प्रत्येक गाडीवाल्याला कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमची व्हॅन म्हणजे आमचं शेत सोडून दुसरं पीक. शकुंतला रेल्वे बंद पडली, एसटी तिच्या वेळेला येते आणि तिच्या वेळेला जाते. मधल्या वेळेत कुणाला अमरावतीला इर्विन दवाखान्यात न्यायचं, रात्री-बेरात्री कुणाच्या सुनेला बाळंतपणासाठी डफरीन दवाखान्यात पोचवायचं, पोरांना दर्यापूरला परीक्षेला सोडायचं, तर आमच्याच दारात हाक येते. हे गाडी चालवतात, हिशेब मी ठेवते. पेट्रोल किती लिटर टाकलं, गाडी किती किलोमीटर पळाली, सगळं माझ्या वहीत असतं. म्हणून दिवाळीनंतर गाडीचं काहीतरी बिनसलं हे आधी वहीनं सांगितलं. लिटरला 15 देणारी गाडी 10 वर आली होती.

मग बाकीचं दिसायला लागलं. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. सकाळी गाडी एका सेल्फला सुरू व्हायची, पण चहाला थांबून परत निघायचं म्हटलं की घरघर करून दमायची. आणि पौषात ऋणमोचनच्या यात्रेला भाडं घेऊन गेलो, तर गर्दीत गाडी उभी असताना टेम्परेचरचा काटा चढत चढत वर गेला. थंडीचे दिवस, पूर्णेवरून गार वारा येत होता आणि इंजन तापलं होतं. यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली म्हणून वाचलो.

तुमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे दाखवलं होतं. कुणाचं नाव घेत नाही. एका ठिकाणी इंजनाचे स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी, ते मोठं गॅरेज, त्यांनी सांगितलं की रेडिएटरच्या पंख्याची मोटर गेली आणि "पेट्रोल जास्त सोडून राहिला म्हणजे कॉम्प्युटरच गेला." कॉम्प्युटर म्हणजे इंजनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला डबा. त्याचा जो आकडा सांगितला तो ऐकून हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. हरभरा निघाल्यावर पाहू, असं म्हणत होतो.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी विचारत बसलात. थंड गाडी कशी सुरू होते? गरम झाल्यावर कशी? पंखा शेवटचा कधी ऐकला? या प्रश्नावर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पंख्याचा आवाज खरंच कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "गाडी आज रातभर इथंच राहू द्या. सकाळी मी यायच्या आधी कोनी सेल्फ मारायचा नाई." आणि मी किती खर्च येईल विचारलं तेव्हा, "मोजल्याशिवाय मी काई सांगत नाई, वहिनी."

सकाळचा तो स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरला काय दिसतं ते दाखवणारं यंत्र, मी विसरणार नाही. इंजन सुरू न करता तुम्ही नुसती चावी फिरवली आणि दोन आकडे आम्हाला दाखवले. इंजनात जाणारी हवा 18 डिग्री. इंजनाचं कूलंट, म्हणजे इंजन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी, 11 डिग्री. रात्रभर उभी गाडी, हवा आणि पाणी एकाच तापमानाला यायला पाहिजे, मग कूलंट हवेपेक्षा थंड कसं? तुम्ही आकडे कागदावर टिपून ठेवलेत, निकाल दिला नाहीत. गाडी सुरू करून गरम होऊ दिली. काटा मधोमध आला, रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावता येईना, आणि स्कॅनर म्हणत होता 41.

काटा बरोबर दाखवतो आणि कॉम्प्युटरला चुकीचं दिसतं, हे कोडं तुम्ही तिथंच सोडवून सांगितलंत. आमच्या गाडीत तापमान मोजणारा काट्याचा सेन्सर निराळा, एका वायरचा, आणि कॉम्प्युटरचा निराळा, दोन वायरचा. सगळ्या गाड्यांत असं नसतं, पुष्कळ गाड्यांत एकच सेन्सर दोन्ही कामं करतो. पण आमच्यात दोन होते, म्हणून ड्रायव्हरला सगळं ठीक दिसत होतं आणि कॉम्प्युटर बिचारा इंजन अजून थंडच आहे असं समजून चालला होता. थंड इंजनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. गरम झालं की कमी करायचं असतं, पण आमच्या गाडीला गरम झाल्याची खबरच मिळत नव्हती. धूर त्याचाच, काळे स्पार्क प्लग त्याचेच, गरम गाडी सुरू न होणं त्याचंच. आणि पंखाही कॉम्प्युटरच्याच हुकमावर चालतो. 41 डिग्रीला कोण पंखा लावेल? गाडी पळत असताना वारा लागायचा म्हणून भागत होतं, यात्रेत उभी राहिली तेव्हा पितळ उघडं पडलं.

इथवर कळल्यावर दुसऱ्या कुणीही नवा सेन्सर लावून दिला असता. तुम्ही लावला नाहीत. सेन्सर बरोबर असेल आणि वायर किंवा कॉम्प्युटर खराब असेल तर? तुम्ही सेन्सरच्या वायरचा प्लग काढला. स्कॅनरवर आकडा घसरून उणे 40 झाला आणि त्याच क्षणी पंखा भर्रकन सुरू झाला! यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्या पंख्याची मोटर गेली म्हणून सांगितलं होतं, तो पंखा धडधाकट फिरत होता. सेन्सरचा पत्ता लागेना की इंजन वाचवायला कॉम्प्युटर स्वतःहून पंखा लावतो, हे तुम्ही सांगितलंत. मग प्लगमध्ये मीटर लावून पाहिलं, 5 व्होल्ट येत होते. मग प्लगची दोन टोकं तारेनं जोडलीत, आकडा एकदम 120 च्या पार गेला. म्हणजे वायर धड होत्या.

आणि मग तो छोटासा रेझिस्टर, विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा. तो अडथळा ओहममध्ये मोजतात. रेडिओ-टीव्हीच्या दुकानात सुट्टा मिळतो तसा, नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्ट्यांचा, 330 ओहमचा. सेन्सरच्या जागी तो प्लगमध्ये अडकवलात आणि स्कॅनरवर 79 डिग्री उमटलं. या जातीच्या सेन्सरचे ओहम गरम होईल तसे कमी होतात, 80 डिग्रीला तो साधारण 320 ओहम दाखवतो, म्हणजे कॉम्प्युटर एकदम बरोबर वाचत होता. ज्या कॉम्प्युटरसाठी आम्ही हरभऱ्याच्या पैशाची वाट पाहत होतो, त्याला तुम्ही एवढ्याशा तुकड्यानं निर्दोष ठरवलंत. मला तिथं खरंच भरून आलं होतं, भाऊ.

त्यानंतरही तुम्ही घाई केली नाहीत. इंजन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू दिलं नाहीत. (हे सगळ्यांसाठी लिहिते: आत दाब असतो, कूलंट 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण काढलं की एकदम उसळतं आणि तोंड-हात भाजतात. फडकं लावून उघडू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.) 19 च्या पान्यानं सेन्सर काढलात तर त्याच्या पितळी टोकावर पांढरा खार चिकटलेला. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक, खार ओळखायला आम्हाला कुणी शिकवायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, शेताला दिलं तर जमीन बिघडते. तेच पाणी कुणीतरी टॉप-अप म्हणून रेडिएटरमध्ये ओतत गेलं होतं.

चहाच्या टपरीवरून गंज, म्हणजे पातेलं, आणलात, पाणी तापवलंत, त्यात सेन्सर फक्त टोकापुरता सोडलात आणि थर्मामीटर माझ्या हातात दिलात. मी डिग्री वाचायची, तुम्ही ओहम सांगायचे, हे लिहून घेणार. मी 80 म्हटलं आणि तुम्ही लगेच आकडा घेतला नाहीत. "खारानं त्याले उशीर लागते. जरा दम घेऊ द्या त्याले." गॅस बारीक करून पाणी 80 वर धरून ठेवलंत, मग पाहिलंत. 320 पाहिजे तिथं 1100. पाणी निवून 20 ला आलं तेव्हा 2500 पाहिजे तिथं 3300.

हे आकडे मी घरी येऊन वहीत पुन्हा मांडले आणि मग मला तुमच्या सकाळच्या त्या 11 डिग्रीचा अर्थ लागला. दोन्ही वेळेला सेन्सरमध्ये जास्तीचे ओहम जवळजवळ तितकेच, 800 च्या आसपास. थंडपणी मुळातले अडीच हजार असतात, त्यात 800 मिसळले तरी सात-आठ डिग्रीचाच फरक. गरमपणी मुळातले उरतात 320, त्यावर 800 पडले की सगळं नासलं, 80 चं 41 झालं. म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची आणि गरम झाली की बिघडायची. इंजिनाचा दिवाही याचमुळे लागला नाही. वायर तुटली तर उणे 40 दिसतं, शॉर्ट झाली तर 120 च्या पार जातं, असलं अशक्य काही दिसलं की कॉम्प्युटरला शंका येते. 41 डिग्री हे तर शक्य कोटीतलं तापमान. आमच्या जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरनं ते खरं मानलं. "दिवा नाही लागला म्हणजे सेन्सर चांगला" असं मानणाऱ्या गाडीवाल्यांनी हे नीट वाचावं.

नवा सेन्सरसुद्धा तुम्ही आधी त्याच गंजात बुडवून मोजलात. 80 ला 320 भरले, तेव्हाच त्याला इंजनाकडे नेलंत. नवं वॉशर, आधी हातानं आटे बसवले, मग पान्यानं बेताचं आवळलं, कारण खालचं घर ॲल्युमिनियमचं. जुनं पाणी काढून आतून धुतलंत, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलंत, झाकण उघडं ठेवून इंजन चालवून हवा काढलीत. सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही चुकीचं सांगेल, हे त्या दिवशी कळलं.

आता गाडी परत 15 च्या घरात आहे. उभी राहिली की थोड्या वेळानं पंखा लागतो, बंद होतो, परत लागतो. हे गाडीत बसून तो आवाज ऐकतात आणि माझ्याकडे पाहतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सीटखाली असतो, बोअरच्या पाण्याला मी बॉनेटजवळ फिरकू देत नाही.

आता जे बोलायचं होतं त्यावर येते. तुमच्या बिलावर सेन्सर होता, वॉशर होतं, कूलंट होतं, फिटिंगचे थोडे पैसे होते. सकाळपासून दुपारपर्यंत जे मोजलंत त्याचं एक अक्षर नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, "पाहन्याचे काय पैसे?" भाऊ, मला हे पटलं नाही. आमच्या गावात पार्टची किंमत छापील असते म्हणून आम्ही निमूट देतो आणि मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग मिस्त्रीही शिकतो की मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा पार्ट बदललेले बरे, तिथं तरी पैसे सुटतात. गिऱ्हाइकानं ही सवय लावली आहे, ती गिऱ्हाइकानंच मोडायला पाहिजे. पंखा आणि कॉम्प्युटरचे जे पैसे आमचे वाचले ते त्या मोजण्यानं वाचले. सेन्सर तर काही शेकड्यांचा होता.

म्हणून या पत्रासोबत ह्यांच्या हाती पाकीट पाठवते आहे, ती त्या सकाळची मजुरी आहे. ती परत करू नका. पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर "तपासणी" म्हणून वेगळी ओळ लिहा. कुणी कुरकुर केली तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी वही काढून दाखवते.

आणि एक विनंती. माझा भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिक करतो आहे. रविवारी त्याला तुमच्याकडे बसू द्याल का? पान्याचं काम त्याला येतं. मीटर कसं धरायचं आणि निकाल द्यायच्या आधी किती थांबायचं, ते त्यानं तुमच्याजवळ शिकावं. हो म्हणालात तर येत्या रविवारी डबा घेऊन सकाळी आठला पोचेल.

घरी ताईंना आणि लेकरांना नमस्कार, आशीर्वाद.

तुमची,
व्हॅनवाली वहिनी
ता. दर्यापूर, जि. अमरावती