शनिवारच्या व्हिडिओ संपादन वर्गाची आठवण

सर्व सर-मॅडम, नमस्कार.

शनिवारी दुपारी २ वाजता संगणक कक्षात दुसरा वर्ग आहे. ६ जानेवारीला, म्हणजे 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला त्या दिवशी (१८३२), मुलांचं पहिलं बातमीपत्र दाखवायचं ठरलंय, त्यामुळे शक्यतो दांडी नको.

येताना मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा आणि ४-५ जीबी जागा रिकामी ठेवा. मागच्या वेळी निम्मा तास लग्नाचे व्हिडिओ पुसण्यात गेला! दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती संगणकांवर टाकलेली आहे.

गृहपाठ एकच: शाळेच्या पोषण आहारावर दीड मिनिटाचं चित्रीकरण. मोबाइल आडवा धरा. स्वयंपाकाच्या ताईंची मुलाखत घ्याच, पण सोबत पातेलं, वाफ, पंगत, वाढणारे हात अशी ८-१० दृश्यं प्रत्येकी १० सेकंद स्थिर घ्या. मुलाखतीतलं वाक्य कापलं की चित्र उडी मारतं. ती उडी याच दृश्यांखाली झाकायची असते. मात्र कापताना बोलणाऱ्याचा अर्थ बदलता कामा नये. 'जेवण चांगलं असतं, पण भाजी कमी पडते' यातलं 'पण'नंतरचं उडवलं तर ते संपादन नव्हे, लबाडी. मुलांना आधी हे शिकवायचंय, बटणं ती आपल्याआधी शिकतील. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल, तर सेकंदाला २५ फ्रेम्सवर (चित्रांवर) घेऊन पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, २५ तिच्याशी जुळतं.

मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती आधी. इअरफोन स्वतःचे आणा, शाळेकडे चारच आहेत.