‘कोको’चा दुसरा भाग कशाला काढताय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ‘कोको’ या कार्टून पिक्चरच्या दुसऱ्या भागाची बातमी वाचली. 2029 मध्ये येणार, डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी मार्च 2025 मध्ये शेअरहोल्डरांच्या मीटिंगमध्ये सांगितलं, पहिला भाग करणारे ली अंक्रिच आणि एड्रियन मोलिना हेच परत करणार, वगैरे. बातमी आनंदाची म्हणूनच छापलीय. मी त्या पिक्चरची चाहतीच आहे, आमच्या घरात तो लेकरांना डायलॉगसकट पाठ झालाय, पण मला काही आनंद झाला नाही, उलट वाईट वाटलं, आणि का वाटलं ते नीट सांगावं म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, पण कापायचं असलं तर मधलं पैशाचं कापा, शेवटाबद्दल जे लिहिलंय ते राहू द्या.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेक्सिकोतल्या एका गावात रिवेरा नावाचं बूट शिवणाऱ्यांचं घर. घरात गाण्याला सक्त बंदी, कारण की खापरपणजोबा गाण्यापायी बायको-लेकरू सोडून गेला तो परत आलाच नाही. खापरपणजी इमेल्दा रडत बसली नाही, बूट शिवायला शिकली, लेकीला शिकवलं, जावयाला शिकवलं, सगळं घर त्यावर उभं केलं (घरातल्या बाईनं हाताला काम लावून घर सावरलं हे लेकरांच्या पिक्चरमध्ये इतक्या सरळपणे किती ठिकाणी दाखवतात सांगा). तर या घरातला बारा वर्षांचा मिगेल, त्याला गाण्याचं वेड. मृतांच्या सणाच्या रात्री तो एका नामांकित गायकाच्या समाधीतली गिटार उचलतो आणि जिताच मेलेल्यांच्या दुनियेत जाऊन पडतो. तिथले नियम दोन. घरच्यांनी ज्याचा फोटो मांडला त्यालाच झेंडूच्या पाकळ्यांच्या पुलावरून वर्षातून एकदा घरी यायला मिळतं. आणि ज्याची आठवण असलेलं जितं माणूस एकही उरलं नाही तो तिथूनही नाहीसा होतो, कायमचा. खापरपणजोबा हेक्टरची आठवण असलेली एकच उरलीय, त्याची लेक कोको, म्हणजे मिगेलची पणजी, आणि ती म्हातारपणानं सगळं विसरत चाललीय.

आता शेवट आठवा. वर्ष उलटलंय, कोको आजी गेलीय, तिचा फोटो इतरांच्या शेजारी लागलाय. मिगेल लहान बहिणीला कडेवर घेऊन फोटोतली माणसं कोण कोण ते सांगतो आणि मग अंगणात गाणं म्हणतो. मेलेली सगळी पूल ओलांडून आलीत, त्याच्या आजूबाजूला उभी आहेत, हेक्टर आहे, इमेल्दा आहे, कोको आहे. आपल्याला दिसतात. मिगेलला दिसत नाहीत. हे लई जणांच्या ध्यानातच येत नाही, कारण सगळं इतकं आनंदात चाललेलं असतं, पण त्याच्या डोळ्याकडं बघा, तो एकदाही त्यांच्याकडं बघत नाही. वर्षापूर्वी ज्यांच्याशी बोलला, भांडला, ज्यांच्या गळ्यात पडला, ती माणसं हातभर अंतरावर आहेत आणि त्याला पत्ता नाही, तरी तो त्यांच्यासाठी म्हणतोय, अन् पूर्ण भरवशानं म्हणतोय. माझ्या मते अख्खा पिक्चर या एका जागेसाठी आहे. दुसऱ्या भागात काय करणार मग? मिगेलला परत तिकडं पाठवणार, नाहीतर तिकडच्यांना इकडं आणून समोर उभं करणार, दुसरं करण्यासारखं आहे काय? आणि तो एकदा परत जाऊन आला की मग मेलेल्यांच्या दुनियेत जाणं म्हणजे सुट्टीत मामाच्या गावाला जाणं होऊन बसलं. पहिल्या भागात तो पहाट व्हायच्या आत परतला नाही तर कायमचा तिकडचाच होणार होता, ती धास्ती परत कुठून आणणार.

हे मला इतकं का लागतंय ते सांगते. माझ्या आईचं माहेर सास्तूर, लोहारा तालुका. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते तुमच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती अन् वर माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, सगळं जागेवर खाली आलं. माझी आजी त्यात गेली. मामा शेतात आखाड्यावर झोपला होता म्हणून वाचला. तेव्हा मी शाळेत होते, लातूरला आमच्या घरातली भांडी फळीवरून पडलेली मला अजून ऐकू येतात. आजीचा फोटो एकही नाही. होता एक, मामाच्या लग्नातला, तो पेटीत होता आणि पेटी माळवदाखाली. सास्तूर, किल्लारी, त्या सगळ्या पट्ट्यात अशी किती घरं असतील की जिथं गेलेल्या माणसाचा चेहरा म्हणून दाखवायला कागदाचा कपटा नाही.

तर आईला मी ‘कोको’ दाखवला. माझी पोरगी मधीमधी थांबवून आजीला मराठीत सांगत होती. पुलावर फोटो तपासायची जागा येते ना, जिथं हेक्टरला माघारी पाठवतात, तिथं आई एकदम म्हणाली, “माज्या मायचा तर फोटूच नाय. मग तिला येऊ देतेत का नाय?” आम्ही दोघी गप्पच झालो. पोरीनं पिक्चर पुढं चालू केला, दुसरं काय करणार. आणि मग कोको आजीची ती जागा आली. मिगेल तिच्याजवळ बसून तिच्या बापाचं गाणं म्हणतो, तिची बोटं हलायला लागतात, ती सोबत म्हणायला लागते, आणि त्याच्या नंतर ती ड्रॉवरमधून फाटलेला फोटोचा तुकडा काढून देते. आधी गाणं, मग फोटो. आईनं ते बरोबर पकडलं. म्हणाली, “म्हंजे आधी ध्यानात पायजे. ध्यानात हाय तवर माय हाय.” मग ती पोरीला सांगत बसली, आजीच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं तीन ठिपके, चंचीत सुपारीबरोबर लवंग असायची आणि लेकरं आली की सुपारीऐवजी लवंग हातावर ठेवायची. हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

मामाकडं पित्रं असतात तेव्हा आई जाते. खीर, वडे, गवारीची भाजी, आळूच्या वड्या, कढी, पानावर सगळं वाढून कावळ्याला ठेवतात आणि वाट बघत उभे राहतात. 1993 ला भूकंप झाला त्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा होती, पितृपंधरवडा तोंडावरच, म्हणजे आमच्या भागात गेलेल्यांची तिथी आणि पित्रं एकमेकाला लागूनच येतात. फोटो नाही, दिसत कोणी नाही, पान वाढलेलं असतं. मिगेल शेवटी जे करतो ते हेच करतो. मेक्सिकोतली माणसं वेगळी, देव वेगळा, सण नोव्हेंबरच्या सुरुवातीचा, पण हे अगदी आमच्यातलं आहे. झेंडूसुद्धा मूळचा तिकडचाच, तो आपल्याकडं येऊन दसऱ्याचा झाला.

आणखी एक गोष्ट. मेक्सिकोत 19 सप्टेंबर 2017 ला मोठा भूकंप झाला, शेकडो माणसं गेली, त्याच महिन्यात आधी दक्षिणेत एक होऊन गेला होता. आणि ‘कोको’ तिथं लागला 27 ऑक्टोबरला, अमेरिकेच्याही आधी. म्हणजे ज्यांच्या घरात महिन्यापूर्वी माणूस ढिगाऱ्याखाली गेला असेल ते पण टॉकीजमध्ये जाऊन बसले असतील आणि हा पूल, हे फोटो बघितले असतील. मी तिथं नव्हते, पण सास्तूरची नात म्हणून मला ते काय असेल याचा अंदाज आहे. अशा पिक्चरला परत हात लावताना हजारदा विचार करावा असं मला वाटतं.

पैशाचं म्हणाल तर ते उघड आहे. पहिल्या भागानं जगात 80 कोटी डॉलरच्या वर कमावले, दोन ऑस्कर घेतले. 2024 मध्ये ‘इनसाइड आउट’चा दुसरा भाग 160 कोटी डॉलरच्या वर गेला, आणि 2025 मध्ये ‘इलियो’ नावाची नवी कोरी गोष्ट आणली तर पिक्सारच्या (‘कोको’ काढणारी, डिस्नेच्याच मालकीची कंपनी) इतिहासात सगळ्यात कमी ओपनिंग तिला मिळालं. मग कंपनी म्हणणार लोकांना जुनंच हवंय. पण नव्या गोष्टी लोकांना नको झाल्या असं म्हणताना हे पण बघा की ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ या तीन नव्या गोष्टी यांनीच ओळीनं थेट घरी मोबाईल-टीव्हीवर सोडल्या, बऱ्याच देशांत टॉकीज दाखवलीच नाही. सुरुवातीला कोरोना होता हे मान्य, पण तिसरा आला 2022 मध्ये. लोकांची सवय मोडायची आणि मग लोक येत नाहीत म्हणायचं.

मी सरसकट दुसऱ्या भागांच्या विरोधात नाही, गैरसमज नको. ‘टॉय स्टोरी’ 1995 ला आला, दुसरा 1999 ला, तिसरा 2010 ला, आणि तिसऱ्यात तो पोरगा कॉलेजला जाताना खेळणी दुसऱ्या लेकराला देऊन जातो तिथं मी पण रडलेय. ते चाललं कारण तिथं लेकरू मोठं होतंय, प्रत्येक वयाला नवी अडचण आहे, गोष्ट पुढं सरकायला जागा आहे. ‘इनसाइड आउट’मधली पोरगी तेरा वर्षांची झाली तर तिच्या डोक्यात नवं काहीतरी होणारच. ‘कोको’त तसं नाही. तिथं एक हरवलेलं माणूस घरी आलं, घराला खरं काय ते कळलं, म्हातारी बापाला भेटली. आता कोणाला विसरायला लावणार? हेक्टरला परत? की नवाच कुणीतरी नातेवाईक शोधून काढणार ज्याचं नाव पहिल्या भागात कुणी घेतलं नव्हतं?

आणि कोको आजी बोलणार कोणाच्या आवाजात? तिला आवाज देणाऱ्या मेक्सिकोच्या ज्येष्ठ अभिनेत्री अना ओफेलिया मुर्गिया 31 डिसेंबर 2023 ला गेल्या. त्या पिक्चरमध्ये त्यांची वाक्यं मोजकीच आहेत, पण गाणं म्हणताना तो जो थरथरता आवाज लागलाय तो दुसऱ्याकडून काढून घेता येत नाही.

एक चांगली गोष्ट पण लिहायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. 2013 मध्ये याच डिस्नेनं मृतांच्या सणाचं नावच ट्रेडमार्क करायला अर्ज टाकला होता, म्हणजे लोकांचा सण कंपनीच्या नावावर. मेक्सिकन लोकांनी एवढी बोंब ठोकली की अर्ज मागं घ्यावा लागला, आणि त्यांच्यावर व्यंगचित्रं काढून तुटून पडलेले लालो अल्काराझ यांनाच पुढं सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांचं आणि आणखी जाणकारांचं ऐकून पिक्चर झाला म्हणून तो त्या लोकांना आपला वाटला. हे करणारी तीच माणसं परत येताहेत हे मला माहीत आहे, आणि त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. अंक्रिच तर 2019 मध्ये पिक्सार सोडून गेले होते, ते परत आले. पण अशा माणसांनी पुढची इतकी वर्षं नव्या गोष्टीला द्यावीत ना. पहिला करायला त्यांना सहा वर्षं लागली होती, तेवढ्यात आणखी एक ‘कोको’एवढा मोठा पण कोणी न बघितलेला पिक्चर झाला असता.

माझी पोरगी मात्र माझ्याशी भांडते. तिला दुसरा भाग पाहिजेच आहे, तिचं म्हणणं हेक्टर आणि मिगेल परत भेटले पाहिजेत. मी तिला म्हटलं भेटतील की, मिगेल म्हातारा होऊन जाईल तेव्हा पुलाच्या पलीकडं हेक्टर उभाच असेल. ती म्हणाली मग ते दाखवा. मी म्हटलं ते दाखवायचं नसतं. तिला पटलं नाही, नऊ वर्षांच्या लेकराला पटावं असं पण नाही, पण त्या दिवसापासून ती स्वतःच सांगत असते की मिगेल म्हातारा झाल्यावर त्याचा फोटो कोण मांडेल, तर म्हणे ती कडेवरची बहीण मांडेल. बघा, पुढचा भाग तिनं काढला सुद्धा. आधीच पिक्चर निघाला असता तर हा विचार तिनं केला असता का?

कंपनी ठरवून बसलीय, लातूरच्या एका बाईच्या पत्रानं ती थांबणार नाही हे मला कळतं. पण दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी आपल्या पेपरनं लावून धरावं ही विनंती. एक म्हणजे ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांनी पहिला ‘कोको’ चांगल्या मराठी आवाजात आणावा. मी शोधलं, मला कुठं मिळाला नाही, आणि थांबवून थांबवून सांगताना निम्मा पिक्चर सांडतो. आवाज देणारी माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, आणि हेक्टरच्या तोंडी आमच्या लातूर-धाराशिवकडची बोली दिली तर काय बहार येईल. दुसरं म्हणजे दुसरा भाग येईल तेव्हा लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या टॉकीजवाल्यांनी आधी आठवडाभर पहिला लावावा, शाळांना कमी तिकिटात. लेकरांबरोबर आजी-आजोबांना पण सोडावं, त्यांचं तिकीट लावू नये.

आपली,
एक वाचक, लातूर