पीएचडी करणाऱ्या आदिवासी पोरांना हाताशी धरा

संपादक साहेब, किनवट-माहूरकडची गोंड, कोलाम, आंध समाजाची पोरं आता पीएचडीपर्यंत यायलीत, लई आनंद वाटतो, पण पुढं काय? केंद्राची आदिवासींसाठीची फेलोशिप देशभरात वर्षाला ७५० जणांनाच, अन् मिळाली तरी हप्ता वेळेवर येईलच असं नाही, मग नांदेडात रूमभाडं, मेस, फील्डवर्कचा खर्च कुठून काढायचा? शेवटी पोरगं तासिका तत्त्वावर शिकवायला जातं अन् थिसिस तसाच पडून राहतो. हे फार वाईट आहे. विद्यापीठांनी फेलोशिप जमा होईस्तोवर तरी आगाऊ रक्कम द्यावी. आणि कोलामीवर, जंगलहक्कावर काम करणाऱ्याला विषय बदल म्हणू नये, त्यातला जाणकार को-गाईड शोधून द्यावा, दुसऱ्या विद्यापीठातला असला तरी चालेल.

– एक प्राध्यापक, किनवट